काचेच्या पेटीतली बाग

नव्या बागेचं मॉडेल बनवणाऱ्या बाईंनी त्यातली सगळी झाडं चिमट्याने उपटून काढली. आर्किटेक्टचा हुकूमच तसा होता. झाडं म्हणजे तरी काय, तार आणि रंगवलेला स्पंज.

तरी रोज सकाळी मॉडेलमधल्या गुळगुळीत चौकात तांदळाएवढी वाळकी पानं पडलेली असायची. बाई मऊ ब्रशने सर्र सर्र झाडून काढायच्या.

"स्पंजचा चुरा असेल," नवरा म्हणाला.

बाईंनी एक पान त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याला शिरा होत्या. नवरा हात धुवायला गेला, तो बराच वेळ धूतच राहिला.

नव्या बागेवरच्या जाहीर सुनावणीला सभागृह गच्च भरलं. मधोमध काचेच्या बंद पेटीत मॉडेल होतं.

"उन्हातच बसायचं तर आमची गच्ची काय वाईट आहे?" एक आजोबा तावातावाने म्हणाले. लोक हसले.

आर्किटेक्टही हसला. "काका, झाडं म्हणजे नुसता कचरा. आता बघा, एक पान सापडणार नाही."

बाईंनी पेटीत पाहिलं. पानं होती. आणि बाकांवर त्यांनी चिकटवलेली, मान खाली घातलेली नखाएवढी माणसं आता माना वर करून पाहत होती.

हशा विरला. मागच्या रांगेपासून एकेक जण छताकडे पाहू लागला. आजोबांनीही बोलता बोलता मान वर केली.

फक्त बाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या खांद्यावर एक वाळकं पान अलगद येऊन पडलं.

मग डोक्यावरून तो ओळखीचा आवाज जवळ येऊ लागला. सर्र. सर्र.