विमानाची सावली

कित्येक वर्षं गॅरेजमध्ये जीव ओतून सुताराने आणि त्याच्या धाकट्या भावाने एक छोटं विमान बांधलं होतं. आज त्याची पहिली चाचणी होती. सुतार एकटाच वर गेला. भाऊ वायरलेस घेऊन धावपट्टीच्या कडेला थांबला.

इंजिन जराही कुरकुर न करता चाललं होतं. सुताराने विमान डावीकडे वळवलं. खाली गवतावरून पळणारी विमानाची सावली मात्र वळली नाही. ती सरळ धावपट्टीवर गेली, हळू झाली आणि थांबली.

"झकास उतरवलंस, दादा," वायरलेसवर भाऊ म्हणाला. "आता इंजिन बंद कर."

"अरे, मी अजून वरच आहे."

भावाने मान वर केली नाही. तो धावत सावलीपाशी गेला आणि त्याने कुणाला तरी कडकडून मिठी मारली.