झुडपातली शीळ

ज्या पक्ष्यासाठी पाहुणे एवढं घनदाट जंगल तुडवत यायचे, तो दिसेनासा होऊन काही वर्षं झाली होती. पाहुणेघर सगळ्या गावाच्या मालकीचं, त्यामुळे लबाडीही सगळ्या गावाने मिळून ठरवली. वाटाड्याने शीळ घालायची आणि झुडपात लपलेल्या त्याच्या मेव्हण्याने पक्ष्याच्या आवाजात उत्तर द्यायचं. मेव्हण्याचा गळा गोड, पाहुणे तेवढ्यावरच खूश.

आज मात्र उत्तर आलं ते चिरकं, घोगरं आणि शेवटी उगाच लांबवलेलं. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. वाटाड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पिल्लू असेल, अजून शिकतंय," त्याने कशीबशी वेळ मारून नेली. पाहुण्यांची पाठ वळताच त्याने एक दगड उचलून झुडपात भिरकावला. पानं सळसळली आणि आवाज बंद झाला.

परतल्यावर तो तडक मेव्हण्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"घशात काय बेडूक बसला होता का रे? चारचौघांत लाज घालवलीस माझी."

मेव्हणा गळ्याला फडकं गुंडाळून अंथरुणात पडला होता. त्याच्या तोंडून जेमतेम शब्द फुटत होते.

"दाजी, तापाने फणफणलोय. सकाळपासून उंबरठासुद्धा ओलांडला नाही."

वाटाड्या मटकन खाली बसला.

"काय झालं? पाहुणे चिडले का?"

"नाही," वाटाड्या खाली मान घालून म्हणाला. "मी त्याला दगड मारला."