दहा फुटांवरून

"हाच घ्या, बाई," दिनानाथ म्हणाले आणि त्यांनी कॅमेऱ्याची काळी पेटी भानुमतीच्या पुढ्यात सरकवली. "नव्या हातांना हाच बरा. याच्यात बिघडायला काही नाहीच."

शेजारी घडीचा कॅमेरा उघडून ठेवलेला होता. त्याचा चामडी भाता, काचेभोवतीचे बारीक आकडे, सगळं तिच्या मनात भरलं होतं. पण किंमत ऐकून तिनं हात मागे घेतला होता. राजवाड्यामागच्या या दुकानात ती तासभर उभी होती, आणि तिला एकटीला कुणी फसवू नये म्हणून दिनानाथ आपला स्टुडिओ बंद ठेवून सोबत आले होते. एवढं कोण कुणासाठी करतं, या विचारानं तिला मघापासून भरून येत होतं.

आठ महिने ती त्यांच्याकडे शिकत होती. शिकत होती म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग बुजवत होती आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धूत होती. संस्थान विलीन झालं तशी तिच्या नवऱ्याची फौजेतली नोकरी गेली, आणि मिशांना पीळ देण्याखेरीज त्याला काही काम उरलं नाही. घर चालायचं तर तिलाच हातपाय हलवणं भाग होतं. अशात तिच्या नात्यातल्या जयसिंगरावांकडून निरोप आला. राज्य गेलं तरी त्यांच्या घरातला गोषा गेला नव्हता. मुलीचा फोटो स्थळाला पाठवायचा होता. पण पुरुष फोटोग्राफर आत चालणार नव्हता, आणि फिल्मही पुरुषाच्या हाती पडलेली चालणार नव्हती. फोटो बाईनं काढायचा, बाईनंच धुवायचा. तिच्या नात्यागोत्यात अशी आणखी चार-पाच घरं होती. कॅमेरा हाती आला की ती आपल्या पायांवर उभी राहणार होती.

दुकानाच्या शेठनं पेटी पुसून रीळ कसं भरायचं ते दाखवलं. फोटो किती लांबून घ्यायचा, असं तिनं विचारलं. दहा फूट, शेठ म्हणाला. त्याहून जवळ गेलात तर सगळं पुसट येईल. आठ महिने चेहरे डोळ्यांखालून घातलेली बाई ती. दहा फुटांवरून या पेटीत चेहरा येणार हरभऱ्याएवढा. त्याच्यावर पेन्सिल फिरवायची कशी, आणि मुलाकडच्यांनी त्यात बघायचं काय?

तिचा उतरलेला चेहरा पाहून शेठनं खणातून पितळेच्या कड्यात बसवलेली एक काच काढली.

"बाईजी, चेहरा बडा लेना हो तो ये आगे चढा दो. फिर ढाई हाथ से लो, साफ आएगा. पाँच रुपये की चीज है."

तिनं हात पुढे केला. त्याआधीच दिनानाथांनी काच उचलली आणि परत शेठच्या हातात दिली.

"ठेवा ती. बाईंना चेहरे काढायचे नाहीत."

ते इतक्या सहज बोलले की शेठनं खण उघडलासुद्धा. भानुमतीला आधी काही कळेना, आणि मग सगळंच कळलं. तीस वर्षं ज्या माणसानं चेहऱ्यांवर पोट भरलं, त्याला ही काच ठाऊक नसेल कशी? तासभर तो तिच्यासाठी नव्हे, ती काच तिला दिसू नये म्हणून उभा होता. मघाशी आपल्याला भरून आलं होतं, याचीच तिला शरम वाटली.

असं का केलंत, एवढंच तिनं विचारलं. दिनानाथांनी आढेवेढे घेतले नाहीत. तीन मुलांना पोटच्या पोरासारखं शिकवलं, तिघांनी त्यांच्याच गल्लीत पाट्या लावून त्यांचीच गिऱ्हाइकं नेली. आता चौथ्यांदा हात पोळून घ्यायची ताकद नाही, म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. त्याचा तिला जास्त राग आला.

"मी कसली पाटी लावते, दिनानाथजी? जिथं तुम्हाला कुणी आत घेणारच नाही, तिथं मी जाणार होते."

"तो जाओ ना, बाई. काच पण घ्या, मी कोण रोकणार? काढाल फोटो. पण धुवाल कुठे?"

तिच्या घरी एकच खोली, त्यात सासू, दोन मुलं आणि दिवसभर उघडं दार. पाणी आणायचं ते कोपऱ्यावरच्या नळावरून. दुसऱ्या स्टुडिओत फिल्म द्यावी, तर ती पुरुषाच्याच हाती पडणार. एका बाईला आतून कडी लावून काम करता येईल अशी अंधारी खोली तिला अख्ख्या इंदूरमध्ये एकच ठाऊक होती, आणि तिची किल्ली दिनानाथांच्या खिशात होती.

आता ते मवाळ झाले. खोली तिनं आपलीच समजावी, पैशातही अर्धा वाटा घ्यावा. फक्त प्रत्येक फोटोच्या मागे शिक्का स्टुडिओचा बसेल, आणि जयसिंगरावांकडेही तसंच सांगायचं. नाहीतरी गोषातल्या घरात काढणारीचं नाव कोण विचारतं, असं वर समजावलंही.

जयसिंगरावांना फोटो याच आठवड्यात हवा होता. बरं, भानुमती म्हणाली, आणि पेटी आणि काच दोन्ही बांधून द्यायला तिनं शेठला सांगितलं. पदराची गाठ सोडून पैसे काउंटरवर ठेवले.

शेठनं बिलाचं पुस्तक ओढलं आणि दिनानाथांकडे पाहून विचारलं, नाव स्टुडिओचंच ना? त्यांनी मान हलवली.

"नाही शेठजी, माझं," ती म्हणाली. "भानुमती जाधव. फोटोंवर सगळीकडे यांचंच लागणार आहे. एवढ्या एका कागदावर माझं लिहा."