दुपारी बाराची मुदत

"बारा वाजले की तुमचेही बारा वाजणार, वहिनी," नणंद खुर्ची गरकन फिरवत म्हणाली.

"दृष्ट नका लावू, वन्सं." वहिनी हसली. तिची बोटं कीबोर्डवर दाणे टिपणाऱ्या पाखरांसारखी चालली होती.

घरी दोघी एकाच ओट्याशी, इथे रुग्णालयात एकाच टेबलाशी. विभागप्रमुखाची खुर्ची महिनाअखेर रिकामी होणार होती आणि दोघींचीही नावं पुढे होती. आजचं काम वहिनीकडे होतं. ते फसलं तर खुर्ची नणंदेची. कुणी बोललं नव्हतं, पण भिंतींनाही ठाऊक होतं.

डॉक्टर-नर्सांची नावं नि पासवर्ड तीन डिरेक्टरी सर्व्हर सांभाळत. पुढ्यात लोड बॅलन्सर, येईल त्याला तिघांपैकी एकाकडे धाडणारा. तिघांची सर्टिफिकेटं, म्हणजे ओळख पटवणारे डिजिटल दाखले, बाराला संपणार होती. नवी बसली नाहीत, तर ऑपरेशन थिएटरात रुग्णाचा कागदही उघडला नसता.

साडेदहाला वहिनी तिघांच्या सामाईक नावानं, लोड बॅलन्सरच्याच दारातून, आत शिरली. सर्टिफिकेट बसवलं. बाहेर आली, पुन्हा शिरली. असं तीनदा. तिन्ही वेळा हिरवी खूण.

"झाल्या तिन्ही लेकी न्हाऊन!"

"तिन्ही? की एकीलाच तीनदा न्हाऊ घातलंत?"

"मोजता येतं मला, वन्सं."

"बरं बाई. तुमचं तुम्ही बघा." नणंदेनं पाठ फिरवली आणि आपल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसलं. तासभर तिनं तोंड वर काढलं नाही. रुसली, वहिनीनं ताडलं. रुसू दे. हरणाऱ्यानं रुसायचंच असतं.

बारा वाजले. बारा पाच. थिएटरातून फोन आला, "सगळं उघडतंय, ताई. पेशंटला आत घेतोय."

विभागप्रमुख स्वतः उठून आले. "खुर्ची तुमची. फक्त नोंद द्या, प्रत्येक सर्व्हरची वेगळी."

"आज घरची भांडी माझ्याकडे, साहेबीणबाई," नणंद पर्स उचलत म्हणाली आणि जेवायला निघून गेली.

वहिनी गुणगुणतच बसली. आता सामाईक नाव नको. एकेका सर्व्हरला त्याच्या नावानं उघडायचं. पहिल्यावर तिचं नाव होतं. साडेदहापासून पुढे, लागोपाठ तीनदा.

तिनं घाईनं उरलेले दोन्ही उघडले.

दुसऱ्यावर तिचं नाव नव्हतंच. तिथे अकरा चाळीसच्या नोंदीपुढे, आणि तिसऱ्यावर अकरा पंचेचाळीसच्या नोंदीपुढे, नणंदेचं नाव होतं.