तळपायावरचा तीळ

डॉक्टरांनी शरयूच्या तळपायातून काढलेल्या तुकड्याचं चित्र पडद्यावर मोठं केलं. गुलाबी पेशींमधून काळे ठिपके वाट फुटेल तिकडे निघाले होते.

“यावरून कॅन्सर किती वेगानं पसरेल ते कळतं. हा फार घाईत आहे,” ते म्हणाले.

मुकुंदरावांची मान खाली गेली. तळपायावर तीळ म्हणजे प्रवासाचा योग, असं त्यांची आई म्हणायची. बायकोचा तीळ वर्षभर वाढत होता आणि ते तो कौतुकानं बघून म्हणायचे, “यंदा सिमल्याचा बर्फ बघणार तू.”

शरयूनं डॉक्टरांना हळूच विचारलं, “दिवाळीनंतर सिमल्याला जायचं ठरलंय. जाऊ ना?”

“दिवाळीची वाट बघू नका. आत्ताच जाऊन या.”

ती नवऱ्याकडे वळली. “पण आत्ता तिथं बर्फ नसतो हो.”