बांगड्याचा वास

लाइफ जॅकेट अजून ओलंच होतं. आधीच्या कुणाच्या घामाचा आणि डिझेलचा आंबूस वास त्याला येत होता. राजश्रीने ते दोन बोटांनी लांब धरलं. असलं अंगाला लावायचं? पण आरे-वारेच्या वाळूत चारचौघांसमोर नवऱ्याशी, सुजयशी, हुज्जत कोण घालणार! नाक मुरडत तिने ते चढवलं.

जॅकेट परवडलं, पण तो बोटवाला दत्ताराम नको. साठीचा, तंबाखूने दात काळे पडलेले. सकाळी जाळ्यातली मासळी सोडवून तसाच आला असावा. बनाना राइडच्या त्या लांबलचक पिवळ्या फुग्यावर चढायला त्याने हात दिला आणि बांगड्याचा वास थेट तिच्या तळव्याला चिकटला. राजश्रीने खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि त्याच्यादेखत हात खसाखसा चोळला. त्याने ते पाहिलं.

तिला पोहता येत नव्हतं. लहानपणी पंचगंगेत गटांगळ्या खाल्ल्या, तेव्हापासून नाकातोंडात पाणी जायची धास्तीच बसली होती. आणि या राइडच्या शेवटी मुद्दाम सगळ्यांना पाण्यात पाडतात, हे तिने ऐकलं होतं. म्हणून तिची एकच अट होती, पाडायचं नाही. सुजयने सकाळी नाश्त्याच्या टेबलावर रेणुकाच्या, पोटच्या पोरीच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा कुठे ती तयार झाली.

निघताना दत्तारामने सुजयला हळूच काही विचारलं. सुजयने मान डोलावली. दत्तारामने पुन्हा विचारलं, सुजयने पुन्हा डोलावली. बरं झालं, सुजयने न पाडायची आठवण करून दिली, असं राजश्रीला वाटलं.

बोट फुग्याला ओढत निघाली. पहिल्या दोन लाटांवर ती किंचाळली आणि तिसरीला चक्क हसली. तेवढ्यात बोटीने कचकन वळण घेतलं आणि फुगा उलटला.

पाणी घशापर्यंत गेलं. जॅकेटने तिला वर आणलं, तरी ती वेड्यासारखे हातपाय झाडत होती. डोळे उघडले तर सुजय चार हातांवर मजेत तरंगत होता. गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटातला मोबाइल त्याने तिच्या तोंडावर रोखला होता. गंमत केली गं, जरा हस की, असं तो म्हणत होता.

दत्तारामने इंजिन बंद करून कपड्यांसकट उडी टाकली आणि तिचा उजवा हात घट्ट धरला. तिचा पांढराफटक चेहरा पाहून तो ओशाळला.

"वयनी, तुमाला म्हायत हाय असं सायब म्हनले. मी दोनदा इचारलं."

राजश्रीला भडभडून ओकारी आली. पोटातलं खारं पाणी त्याच्या खांद्यावरच पडलं. त्याने ओंजळभर पाण्याने खांदा धुतला, तिला बोटीत घेतलं, पण किनाऱ्याला लागेपर्यंत तिचा हात सोडला नाही.

किनाऱ्यावर रेणुका आजीजवळ उभी होती. सुजयने राजश्रीचा डावा हात पकडून उंच केला आणि आई जिंकली असं ओरडून लेकीला सांगितलं. राजश्रीने हात हिसकावून घेतला. खिशातली बाटली काढली आणि अख्खी तळव्यावर पालथी केली.

"म्हाताऱ्याच्या हाताचा वास जात नाही ना?" सुजय हसला.

"त्यांनी उजवा धरला होता," राजश्री म्हणाली आणि डावा हात चोळत राहिली.