समोरच्यांची मतपत्रिका

अमेरिकेतल्या आमच्या जॉर्जिया राज्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीचा निकाल लागला. तीत कुणीही मतदार कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागून त्या पक्षाचा उमेदवार निवडू शकतो. विरोधी पक्षाच्या मतपत्रिकांवर कौल कॅल्डरला मिळाला होता; आता तोच त्यांचा उमेदवार. जिल्ह्यात आपल्या पक्षाचा अध्यक्ष असलेल्या हॉलिसनं टीव्ही बंद केला आणि बायकोकडे रोखून पाहिलं.

“व्हर्डेल, केंद्रावर तू त्यांची मतपत्रिका मागितलीस म्हणे. गावभर झालंय.”

“मागितली. कॅल्डरला मत दिलं.”

“माझ्या घरात राहून?”

“त्यांच्यातला सगळ्यात लेचापेचा गडी तोच. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत तुमचंच फावेल.”

हॉलिसनं तिचा चेहरा न्याहाळला. मग हसला. “लबाड आहेस.”

व्हर्डेलनं त्याच्या हृदयाच्या गोळ्या त्याच्यापुढे ठेवल्या. गेल्या वर्षी त्याला वाचवणारं गावातलं इस्पितळ बंद होऊ देणार नाही, असं म्हणणारा कॅल्डर एकटाच होता. नोव्हेंबरातही ती त्यालाच मत देणार होती.